केसांची रोवणी आणि आधी करायचा हिशेब

केस प्रत्यारोपणात डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मानेच्या वर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत केसांचा जो पट्टा सहसा म्हातारपणीही टिकून राहतो, तिथली मुळे उचलून कपाळाजवळ किंवा माथ्यावर रिकाम्या पडलेल्या जागेत लावली जातात. शस्त्रक्रियेनंतर केसांची एकूण संख्या वाढत नाही. उचलताना आणि लावताना काही मुळे मरतात, त्यामुळे ती थोडी घटतेच. भंडारा जिल्ह्यातल्या वाचकाला हे धानाच्या रोवणीवरून चटकन कळेल. पऱ्हे जेवढे टाकले असतील तेवढीच बांधी रोवून होते. धानाचे पऱ्हे मात्र पुढच्या पावसाळ्यात पुन्हा टाकता येतात. डोक्यामागचे पऱ्हे जन्माला एकदाच मिळतात. प्रत्यारोपणानंतरचे बहुतेक पश्चात्ताप या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

भंडारा, तुमसर, साकोली, पवनी या भागांतले तरुण या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नागपूर गाठतात. राष्ट्रीय महामार्गाने भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. धंतोली आणि रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे आणि मोबाइलवर 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो रोज येत असतात. त्यात लग्नाची घाई असते. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, रात्री नाटक होते, पाहुणे मुक्कामाला येतात आणि सोयरिकीच्या गोष्टी निघतात. पंचविशीतल्या मुलाचे कपाळ मागे सरकलेले असेल तर ते तेव्हाच सर्वांच्या नजरेत येते. त्या बोलण्यातून लागणारी लाज खरी असते आणि तिला हसण्यावारी नेणे योग्य नाही. तरीही शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यासाठी ती चांगली सल्लागार नाही.

आधी केस कशाने गळत आहेत ते ठरवावे लागते. पुरुषांच्या नेहमीच्या टकलामागे आनुवंशिकता आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक असते. त्याच्या प्रभावाने कपाळाजवळची व माथ्यावरची मुळे वर्षागणिक बारीक होत जातात, डोक्यामागची मुळे मात्र त्याला दाद देत नाहीत. हे आईच्याच बाजूने येते हा समज अर्धवट आहे. दोन्हीकडची जनुके त्यात असतात. या टकलाच्या पायऱ्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडल्या आणि ओ'टार नॉरवुड यांनी १९७५ मध्ये त्यांत सुधारणा केली. आजही डॉक्टर 'नॉरवुड ३' किंवा 'नॉरवुड ६' म्हणतात ते त्यावरूनच. सातवी पायरी म्हणजे फक्त कडेची झालर उरलेली.

केस गळण्याची इतर कारणे मात्र अगदी निराळी असतात. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा एकाएकी घटलेले वजन यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर केस हातात येऊ लागतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप परततात. रक्तातले लोह कमी असणे किंवा थायरॉइडचा बिघाड ही कारणे साध्या रक्ततपासणीत कळतात. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. तिथे लावलेले केसही पुन्हा गळू शकतात. डोक्यावर खपली, जळजळ आणि चकचकीत व्रण दिसत असेल तर तो व्रण करणारा त्वचारोग असू शकतो. तो धुमसत असताना केलेले रोपण टिकत नाही.

केस अशा निराळ्या कारणाने गळण्याचे विदर्भातलेच मोठे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातले आहे. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुका आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत झडून डोकी साफ झाली. अडीचशेहून अधिक माणसांना हा त्रास झाला, त्यांत शाळकरी मुले आणि मुलीही होत्या. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी त्या गावांतले रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू तपासून घेतला. गव्हात आणि रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळल्याचे त्यांनी मांडले. यातल्या अनेकांचे केस पुढे पुन्हा उगवू लागले. कारण शोधण्याआधी अशा माणसाला कोणी 'पॅकेज' सांगितले असते तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा. म्हणून डोके तपासून घ्यायला आधी चर्मरोगतज्ज्ञ गाठावा. जिल्हा रुग्णालयातून पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी 'मेडिकल'मध्ये, हा सल्ला फार कमी खर्चात मिळतो. तिथे कोणाला काही विकायचे नसते, हा मोठा फायदा.

निदान नेहमीच्या टकलाचेच निघाले तरी पहिले पाऊल औषधांचे असते. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले तेव्हा त्याचा हा गुण कळला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलावर लावण्यासाठी मान्य झाले. फिनास्टराइडची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये आली. पहिले औषध सुरू केल्यावर काही आठवडे केस अधिकच गळतात आणि घाबरून अनेक जण ते तिथेच सोडतात. परिणाम पाहायला किमान सहा महिने लागतात. फिनास्टराइडने शंभरातल्या मोजक्या पुरुषांत कामेच्छा घटणे किंवा ताठरतेची तक्रार उद्भवते आणि काहींमध्ये मन खचते. २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येच्या विचारांची नोंद या गोळीच्या दुष्परिणामांत पक्की केली. ज्याला आधी नैराश्याचा त्रास झालेला आहे त्याने ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही महिनाभर रक्तदान करायचे नसते, कारण ते रक्त गर्भवतीला गेले तर पोटातल्या मुलग्याला धोका असतो. चमत्कारी तेलांबद्दल मात्र एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे: भारतीय औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत ज्या विकारांवर औषधाने बरे करण्याचा दावा करायला मनाई आहे, त्यांत टक्कलही आहे.

औषधांची ही माहिती शस्त्रक्रियेच्या लेखात एवढ्या विस्ताराने येण्याला कारण आहे. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस आपल्या वेळापत्रकाने गळतच राहतात. चोविसाव्या वर्षी पुढची रेघ भरून घेतली आणि औषध घेतले नाही, तर पस्तिशीत त्या रेघेच्या मागे मोकळे मैदान दिसू लागते: पुढे लावलेल्या केसांची पट्टी आणि मागे टक्कल. असे डोके साध्या टकलापेक्षा विचित्र दिसते. मग दुसरी 'सिटिंग', मग तिसरी. ज्याला वर्षानुवर्षे औषध घ्यायचेच नाही, त्याने कमी वयात शस्त्रक्रियेच्या वाटेला जाऊ नये, हे मत जाणत्या शल्यविशारदांचे आहे आणि ते पटणारे आहे. विशीच्या सुरुवातीला टक्कल कुठवर जाणार हे कोणालाच नक्की सांगता येत नाही. वडील, काका, मामा आणि दोन्ही आजोबांच्या डोक्यांकडे पाहून अंदाज तेवढा बांधता येतो.

आता आकडेमोड. केस त्वचेतून एकेकटे न येता एक ते चार केसांच्या झुपक्यांनी येतात. असा एक झुपका म्हणजे एक ग्राफ्ट आणि त्यात सरासरी दोन केस. डोक्यामागच्या सुरक्षित पट्ट्यातून, तो भाग विरळ दिसू न देता, आयुष्यभरात साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट काढता येतात. कोणाचे केस दाट आणि जाड असतील तर थोडे जास्त, पातळ असतील तर बरेच कमी. टक्कल सहाव्या पायरीला पोचते तेव्हा रिकामी जागा सुमारे २०० चौरस सेंटिमीटरच्या घरात जाते. दर चौरस सेंटिमीटरला ३५ ग्राफ्ट हा मध्यम दाटपणा धरला तरी ७००० ग्राफ्ट लागतात. निसर्गाचा मूळ दाटपणा याच्या जवळपास दुप्पट असतो. म्हणजे पूर्ण टकलावर पूर्वीसारखे केस हे वचन गणितातच बसत नाही. म्हणून चांगला डॉक्टर पुढचा भाग आधी भरतो, कारण चेहऱ्याची चौकट तिथे असते, आणि माथ्यावरचा भोवरा विरळ ठेवतो किंवा सोडून देतो. पहिल्या भेटीत मार्कर पेनने कपाळावर रेघ काढली जाते, तो क्षण मोलाचा असतो. बावीस वर्षांच्या मुलाला शाळेतल्या फोटोसारखी खाली आलेली, सरळ रेघ हवी असते. ती पन्नाशीच्या चेहऱ्यावर टोपीच्या कडेसारखी दिसेल. शिवाय रेघ अर्धा इंच खाली घेतली तरी शेकडो ग्राफ्ट त्यातच संपतात. मागेल तेवढी रेघ खाली घेऊन देणारा दवाखाना गिऱ्हाइकाला खूश करतो आणि रुग्णाचे नुकसान करतो.

असे नुकसान याआधी पिढ्यान्‌पिढ्या झालेले आहे. जपानचे डॉ. शोजी ओकुदा यांनी १९३९ मध्ये केसांचे रोपण वर्णिले, पण महायुद्धामुळे ते बाहेर फारसे पोचले नाही. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ऑरेंट्राइश यांनी १९५२ मध्ये पुरुषी टकलावर पहिले प्रत्यारोपण केले. मागचे केस पुढे लावले तरी आपला मूळ गुण सोडत नाहीत, हे तत्त्व त्यांनी १९५९ मध्ये मांडले. तत्त्व बरोबर होते, हत्यार जाड होते. चार मिलिमीटरचे गोल तुकडे लावल्यामुळे बाहुलीच्या डोक्यासारखे झुपके दिसत आणि पुढची तीस वर्षे लोक ते घेऊन वावरले. १९९० च्या दशकात नैसर्गिक झुपका हेच एकक धरून काम होऊ लागले. आज दोन पद्धती चालतात. एकीत मागून त्वचेची पट्टी कापून सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफ्ट सोडवतात. मागे आडवा व्रण राहतो, तो बारीक केस कापणाऱ्याला लपवता येत नाही. दुसरीत, म्हणजे सर्रास चालणाऱ्या एफयूईमध्ये, एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पंचने एकेक ग्राफ्ट काढतात. हिला 'बिनटाक्यांची, बिनव्रणाची' म्हणून विकतात. टाके नसतात हे खरे. व्रण मात्र असतात, हजारो ठिपक्यांचे. हावरेपणाने ग्राफ्ट काढले की मागचा भाग कसर लागल्यासारखा दिसतो आणि तो भरायला मग कुठूनही केस उरत नाहीत.

हे काम कोण करतो, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा. मार्च २०१९ मध्ये मुंबईत चिंचपोकळीच्या एका क्लिनिकमध्ये ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक ग्राफ्ट लावून घेतल्याचे वृत्त होते; काम बारा तासांच्या वर चालले. दुसऱ्या दिवशी घसा आणि चेहरा सुजू लागला, श्वास अडला, पवईच्या रुग्णालयात नेले आणि तिथे मृत्यू झाला. औषधाची तीव्र ॲलर्जी हे कारण असल्याचा संशय व्यक्त झाला. २०१६ मध्ये चेन्नईत वैद्यकीय शिक्षण पूर्ण करत आलेला विद्यार्थी अशाच शस्त्रक्रियेनंतर गेला. त्या केंद्राकडे परवाना फक्त सलूनचा असल्याचे चौकशीत पुढे आले. २०२१ मध्ये दिल्लीत तिशीतल्या एका तरुणाचा जंतुसंसर्गाने अंत झाला. कानपूरमध्ये नोव्हेंबर २०२४ आणि मार्च २०२५ मध्ये दोन अभियंते दगावले. दोघांनी जिथे शस्त्रक्रिया करून घेतली ते क्लिनिक एक महिला दंतवैद्य चालवत होती. लाखो प्रत्यारोपणांत मृत्यू विरळाच, हे मान्य. पण जी शस्त्रक्रिया केली नाही तरी काहीच बिघडत नाही, तिच्यातला विरळ मृत्यूही फार जड आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्यारोपण नोंदणीकृत आणि रीतसर शल्यप्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे प्रशिक्षण नव्हे, तंत्रज्ञाने डॉक्टरच्या देखरेखीखाली फक्त मदत करावी आणि जागेवर आपत्कालीन उपचारांची सोय असावी, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. व्यवहारात अनेक ठिकाणी डॉक्टर भूल देऊन निघून जातो आणि पुढचे सहा-आठ तास तंत्रज्ञच काम करतात. म्हणून चार प्रश्न थेट विचारावेत: चिरा कोण देणार, ग्राफ्ट कोण काढणार, डॉक्टर किती वेळ खोलीत असणार आणि त्या दिवशी दुसरे किती रुग्ण आहेत. डॉक्टरांचे नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येते. नावापुढे 'हेअर सर्जन' लिहिलेले असणे ही पदवी नव्हे.

भुलीचा हिशेब रुग्णालाही करता येण्यासारखा आहे. डोके बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. ॲड्रेनलिन मिसळलेले असेल तर त्याची मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण ७ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. दोन टक्क्यांच्या औषधात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम असते, म्हणजे २१ मिलिलिटरमध्ये मर्यादा भरली. काम दिवसभर लांबवले, भूल उतरली की पुन्हा सुई, असे चालले तर ही रेघ नकळत ओलांडली जाते. ओठ बधिर होणे, कानात गुणगुण, मग झटके, मग हृदयाच्या ठोक्यांत गडबड, असा तो उतार असतो. ग्राफ्टही शरीराबाहेर जितके तास पडून राहतील तितके कमी जगतात. 'एका दिवसात सगळे डोके' ही जाहिरात रुग्णाच्या जिवाला आणि केसांना, दोहोंना महाग पडते. दोन दिवसांत किंवा वर्षभराच्या अंतराने दोनदा काम करणे केव्हाही बरे.

पूर्व विदर्भाच्या माणसाने डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी सांगायच्या असतात. पहिली सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणात आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे ठाऊकही नसते. सिकलसेलच्या रुग्णाला शरीरातले पाणी कमी होणे, गारठा आणि दीर्घ शस्त्रक्रिया यांनी वेदनेचा झटका येऊ शकतो. जिल्हा रुग्णालयात आणि आरोग्य केंद्रांत याची तपासणी होते; ती करून अहवाल सोबत न्यावा. दुसरी गोष्ट खर्रा. नागपूरपासून गोंदियापर्यंत पानठेल्यावर घोटून मिळणारी ही तंबाखू-सुपारी फॉर्म भरताना 'धूम्रपान नाही' या रकान्यात लपून जाते. निकोटिन कशातूनही गेले तरी रक्तवाहिन्या आकसवते. दाट लावलेल्या जागी रक्त कमी पडले तर ग्राफ्ट मरतात, क्वचित त्वचाच काळी पडून सडते. दोन-तीन आठवडे आधीपासून आणि तितकेच नंतर खर्रा पूर्ण बंद ठेवावा लागतो. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्वीची औषधांची ॲलर्जी, जखमेवर गाठ येण्याची सवय, यांतले काहीही लपवू नये.

पैशाच्या बाबतीत जाहिरातीतला दर आणि हातात पडणारे बिल यांत अंतर असते. उदाहरणादाखल, ग्राफ्टमागे ४० रुपयांनी ३००० ग्राफ्ट म्हणजे १,२०,००० रुपये. जीएसटीमध्ये वैद्यकीय उपचारांना सूट आहे, पण केस प्रत्यारोपण त्यातून वगळलेले आहे. जन्मजात दोष, अपघात किंवा भाजण्यामुळे गेलेले रूप परत आणायचे असेल तरच सूट. एरवी १८ टक्क्यांनी २१,६०० रुपये आणखी. रूप बदलण्याच्या उपचारांना आरोग्य विमाही लागू होत नाही. वर पीआरपीच्या, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला घटक डोक्यात टोचण्याच्या, बैठका आणि औषधे येतात. दर ग्राफ्टचा की केसाचा, हे लिहून घ्यावे, कारण एकाच झुपक्याचे दोन तुकडे करून संख्या फुगवता येते. एक, दोन, तीन केसांचे किती ग्राफ्ट लावले याची नोंद मागितली की प्रामाणिक डॉक्टर ती देतो. 'आजच बुक केले तर सूट' असे सांगणाऱ्या समुपदेशकाला नमस्कार करून बाहेर पडावे. कर्ज काढून, धानाचे पैसे मोडून किंवा लग्नाच्या तारखेआधी दोन महिने ही शस्त्रक्रिया करून घेण्यात काही शहाणपण नाही.

दोन महिन्यांचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. ग्राफ्ट पक्के व्हायला आठ-दहा दिवस जातात. तोवर घासणे, खाजवणे, दुचाकीवर हेल्मेट, उन्हातले शेतकाम, घट्ट बांधलेला दुपट्टा, सारे वर्ज्य. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. हे अपेक्षितच असते, पण कोणी सांगितलेले नसेल तर माणूस हादरतो. शेजारचे मूळचे केसही धक्क्याने गळू शकतात. म्हणजे दोन महिन्यांनी नवरदेव आधीपेक्षा विरळ दिसतो. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होते, निम्मे चित्र सहाव्या महिन्यात दिसते, पूर्ण निकालाला वर्ष आणि माथ्याला दीड वर्ष. पहिल्या एक-दोन रात्री नागपुरातच नातेवाइकांकडे काढाव्यात. मुंबईच्या घटनेत त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला होता. लाखांदूरच्या पलीकडच्या गावात मध्यरात्री श्वास अडला तर रुग्णालयापर्यंतचा वेळच घात करतो. रात्री कोणता फोन उचलला जाईल, हे आधी विचारून ठेवावे.

बिघडलेले काम काही प्रमाणात सुधारता येते. खाली आलेल्या रेघेतले ग्राफ्ट काढून मागे लावता येतात, दाढीचे केस वापरता येतात, व्रणावर रंगाचे बारीक ठिपके गोंदता येतात. पण मागचा साठा संपला असेल तर निष्णात हातही बांधलेले असतात, आणि सुधारणेचा खर्च बहुधा पहिल्या कामापेक्षा जास्त होतो. म्हणूनच केस बारीक कापून राहणे किंवा चांगला विग वापरणे हे पर्याय आधी मनापासून तपासावेत. ते हवे तेव्हा सोडता येतात.

फसवणूक झाली असे वाटले तर कागद उपयोगी पडतात: संमतिपत्राची प्रत, ग्राफ्टची नोंद, बिल, एकाच उजेडात काढलेले आधीचे आणि नंतरचे फोटो. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली आणि २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात खरी, माहितीपूर्ण संमती कशाला म्हणायचे ते सांगितले. मनासारखा निकाल न येणे एवढ्यानेच हलगर्जी सिद्ध होत नाही; कबूल केलेले न देणे, धोके दडवणे, अपात्र माणसाने हात चालवणे हे दाखवावे लागते. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणून क्लिनिक नागपूरचे असले तरी भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी सल्ला मिळतो. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. केसांचा निकाल दिसायलाच त्यातले एक वर्ष जाते, त्यामुळे कागद आणि फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवावे लागतात.